जिजाबाईने बोट ठेवलेलं घर

पंजाबराव मिस्त्रीला आता कशाचीच घाई नाही. कारंजा लाडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दोन खोल्यांचं घर आहे. सकाळचा चहा झाला की तो पायरीवर येऊन बसतो आणि ऊन तोंडावर येईस्तोवर हलत नाही. वय बासष्ट, पण विचारणाऱ्याला तो सत्तर सांगतो, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. चाळीस वर्षं विटा-रेतीत गेली. पायाडावर चढून-उतरून गुडघे संपले, आणि छातीत सिमेंट बसलं ते बसलंच. डॉक्टरने धुळीत जाऊ नका म्हणून बजावलं तेव्हा त्याला हसू आलं होतं. मिस्त्रीने धुळीत जायचं नाही, मग जायचं कुठे? दुसरी जागा सापडेना म्हणून तो पायरीवर बसला, त्याला दोन वर्षं झाली.

माघातल्या एका मंगळवारी याच पायरीवर त्याला आसेगावहून फोन आला. वीस वर्षांपूर्वी त्याने मंगरूळपीरच्या पुढे आसेगावला भगवंतराव नावाच्या बागायतदाराचं घर बांधलं होतं. फोनवर त्यांचा मुलगा मुकेश होता.

"मिस्त्रीकाका, घराचा समोरचा भाग पाडाचा हाय," मुकेश म्हणाला. "खांब, वरचं तिकोन, सारं. तुमी या."

"काहून? चीर गेली काय?"

"चीर नाई गेली. ते थडग्याचं डिझाइन हाय काका. तुमच्या त्या बुकात जे चित्र होतं ना, ते इंग्रज लोकायच्या कबरीचं होतं. वीस वर्सं आमी थडग्यात राहून राह्यलो."

मुकेशने पुढचं सगळं एका दमात सांगितलं. त्याची मुलगी सुप्रिया अमरावतीला आर्किटेक्टचं शिकते. तिच्या कॉलेजच्या लायब्ररीत तेच पुस्तक निघालं, तेच पान निघालं, आणि पोरीने त्याचा फोटो काढून हसणाऱ्या पिवळ्या तोंडांच्या चित्रांसकट घरच्या ग्रुपवर टाकला. मुकेशला हसू आलं नाही. दीड वर्षापूर्वी वडील गेले होते. संत्र्याची चाळीस झाडं वाळली होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो स्वतः पडला होता. त्याने वाशिमहून वास्तूवाला बोलावला, तर त्या माणसाने फाटकातूनच मान हलवली. आता पाडायचं ठरलं होतं. पंजाबराव आला तर ठीक, नाही तर शनिवारी जेसीबी लावणार होते.

जेसीबीचं नाव ऐकलं आणि पंजाबराव गुडघ्यावर हात देऊन उभा राहिला. त्या घराचे दोन खांब दिसायला चांगले गरगरीत, पण आतून पोकळ होते. सिमेंटच्या पाइपाभोवती विटा लावून त्याने ते फुगवले होते. वरच्या जड तिकोनाचा सगळा भार मागच्या स्लॅबमधून काढलेल्या सळयांनी धरला होता. कुठली सळई कुठून निघते आणि कुठे वळते हे कुठल्याही कागदावर नव्हतं. मशीनने समोरून धक्का दिला असता तर तिकोनासोबत ओसरीचा स्लॅबही खाली आला असता. आणि भगवंतरावांच्या बायकोची, म्हणजे जिजाबाईची, खाट त्याच ओसरीत असते.

"शनिवारच्या आंधी येतो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

कमलीबाई, म्हणजे त्याची बायको, आतून हात पुसत आली. तिला त्याने दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"मंग माह्यावाल्या बुकात तरी कोनाचे कपडे होते, कोनाले माईत?" ती म्हणाली. "एखांद्या राणीले फाशी देल्ली असंन, आन् तिच्या बाह्या मी अख्ख्या गल्लीले शिवून देल्ल्या."

एरवी असल्या बोलण्यावर पंजाबराव हसतो आणि हसता हसता खोकतो. त्या दिवशी तो हसला नाही.

हे बुकाचं प्रकरण जुनं आहे. कापसाच्या मार्केटकडे मुन्नाचं रद्दीचं दुकान होतं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. कमलीबाई जुने पेपर घालायला गेली आणि पंजाबराव तिच्यासोबत पिशवी धरायला. मुन्नाकडे त्या दिवशी कुणा शिकलेल्या माणसाच्या घरातली पेटी आली होती. जाड पुठ्ठ्याची, पाटाएवढी मोठी पुस्तकं, आत चकचकीत कागद आणि पानोपानी चित्रं. मुन्ना कपाळाला हात लावून बसला होता, कारण चकचकीत कागदाची पुडी वळत नाही आणि किराणावाला तो घेत नाही. मुन्नाने दोन पुस्तकं या नवरा-बायकोच्या पिशवीत आपण होऊन कोंबली. एक इमारतींचं होतं, देशोदेशीच्या शहरांतल्या. दुसरं कपड्यांचं, शे-पाचशे वर्षांत कुठकुठल्या बाया-माणसांनी काय काय घातलं त्याचं. इमारतींचं पंजाबरावने घेतलं आणि कपड्यांचं कमलीबाईने, कारण ती घरी मशीनवर ब्लाऊज शिवायची. दोन्ही इंग्रजीत होती. पंजाबराव चौथी शिकलेला, कमलीबाई सातवी.

शिकलेली माणसं असली पुस्तकं विकत घेतात आणि पाहुण्यांना दिसतील अशी काचेच्या टेबलावर मांडून ठेवतात. या दोघांनी ती वापरून वापरून खिळखिळी केली. कमलीबाई चित्रातली बाही नुसती पाहून पेपरवर कापायची, पेपर टाचण्या लावून अंगाला लावून पाहायची आणि मग कापडाला कात्री लावायची. एका लग्नसराईत बसस्टँडमागच्या गल्लीतल्या सगळ्या नवऱ्या मुली कुठल्याशा तीनशे वर्षांपूर्वीच्या राणीच्या फुगीर बाह्या घालून बोहल्यावर चढल्या. एकदा तिने हौसेने धाकट्या नणंदेच्या मुलीच्या फ्रॉकला गळ्याभोवती ताटाएवढी चुण्यांची झालर लावली, तर पोरीला पंगतीत खाली ताटात पाहता येईना आणि मामीनेच तिला घास भरवले. ती झालर त्यानंतर कुणी मागितली नाही.

पंजाबरावची रीत वेगळी होती. चित्रात माणूस उभा असला तर त्याची उंची साडेपाच फूट धरायची आणि बोटाच्या पेराने बाकीचं मोजत जायचं. माणूस नसला तर दार शोधायचं. एखादी पट्टी भिंतीतून किती पुढे आली आहे ते तिच्या सावलीवरून ओळखायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कंदिलाच्या उजेडात विटेपुढे काडी धरून त्याने सावल्या मोजल्या होत्या, आणि कमलीबाईला तेव्हा वाटलं होतं की याच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यानंतर मात्र कारंजा, मंगरूळपीर, मानोरा इथपर्यंत लोक म्हणू लागले की मोहरा काढावा तो पंजाब मिस्त्रीने. मोहरा म्हणजे घराचं तोंड. बाकी घर कुणीही बांधा, चार भिंती कुणालाही येतात, पण रस्त्यावरून जाणाऱ्याने मान वळवावी एवढं काम पंजाबरावकडे यायचं.

त्याचा एक नियम होता. मोहरा निवडायचा तो घरच्या बाईने. पुरुषांना विचारलं की ते शेजाऱ्यासारखं करा म्हणतात, वर दोन फूट उंच करा म्हणतात. म्हणून तो पुस्तक घरधनिणीच्या पुढ्यात ठेवायचा, तिने ज्या चित्रावर बोट ठेवलं त्या पानाला हळदी-कुंकू लावायचा आणि पुस्तक मिटून टाकायचा. मग घरातल्या कर्त्या माणसाने कितीही डोकं आपटलं तरी ते पुन्हा उघडत नसे.

आसेगावला भगवंतरावांना अकोल्याच्या एका डॉक्टरच्या बंगल्यासारखं घर हवं होतं. जिजाबाईला काय हवं ते कुणी विचारलं नव्हतं. पंजाबरावने पुस्तक तिच्यापुढे ठेवलं तेव्हा तिने हात पदराला पुसले आणि अर्धा दिवस लावून सगळी पानं उलटली. राजवाडे पाहिले, मनोरे पाहिले, आणि परत मागे येऊन एका पानावर थांबली. दोन खांब, वर तिकोन, तिकोनावर कापड पांघरलेला कलश, दारावर फुलांचं कडं आणि खांबांच्या बाजूंनी उलट्या टांगलेल्या दोन लांबट वस्तू. चित्रात माणूस नव्हता, खिडकी नव्हती.

"हे शांत दिसते," ती म्हणाली आणि तिने बोट ठेवलं.

भगवंतराव दोन दिवस धुसफुसले. पंजाबरावने पुस्तक मिटून पिशवीत घातलं होतं.

बारा आठवडे त्याने त्या मोहऱ्यावर काम केलं. कलश पाहून त्याला बरं वाटलं होतं. वस्त्र पांघरलेला कलश म्हणजे घराला चांगलाच. उलट्या टांगलेल्या वस्तूंवर त्याने फार विचार केला आणि शेवटी ठरवलं की ही केळफुलं आहेत. साहेब लोकांना केळफूल नीट काढता आलेलं नाही असं समजून त्याने ती सुधारून घडवली, एकेक पाकळी थापीच्या टोकाने उचलून. दारावरच्या कड्यात झेंडू केले. काम झालं तेव्हा रिठदपासूनचे लोक पाहायला आले. आसेगावची पोरंपोरी लग्न ठरलं की त्या घरापुढे फोटो काढायची. पंजाबरावने आयुष्यात साठ-सत्तर मोहरे काढले असतील, पण त्याला विचारलं तर तो एकच सांगायचा. पुढे लोक फोनवरची रंगीत थ्रीडी चित्रं घेऊन येऊ लागले, चारी बाजूंनी गोल फिरणारी, आणि पुस्तकाची गरज संपली. त्याचं त्याला फारसं दुःख झालं नाही. आसेगावचं घर उभं होतं, आणि आपल्या हातून काहीतरी घडलं आहे एवढं मनाला पटायला ते एक घर पुरत होतं.

आता तेच पाडायचं होतं, स्वतःच्या हाताने. त्याहून वाईट म्हणजे भगवंतराव आपल्यामुळे गेले की काय, ही शंका त्याच्या मनात घर करून बसली. पंजाबराव देवभोळा नाही, पण असलं काही हसण्यावारी नेण्याइतका धीटही नाही. दोन रात्री त्याला नीट झोप लागली नाही. गुरुवारी सकाळी त्याने हातोडा, दोन छन्न्या आणि लुगड्यात गुंडाळलेलं पुस्तक पिशवीत घातलं. कमलीबाई न विचारता सोबत निघाली. मंगरूळपीरला एसटी बदलावी लागली, तेव्हा दुसऱ्या गाडीची पायरी चढताना तिने त्याला मागून रेटलं. गाडीत तो सबंध वाट खिडकीबाहेर पाहत होता आणि तिने त्याला पाहू दिलं.

घर दुरून दिसलं तसा तो थांबला. मोहऱ्याला शेवाळ धरलं होतं, एका खांबावरून इंटरनेटची वायर ओढली होती, कलशावर पक्ष्यांनी घाण केली होती. तरी मोहरा सरळ उभा होता, कुठे केसभर चीर नव्हती. फाटकापाशी मुकेश आला, वाकून पाया पडला. बिचारा वाईट माणूस नव्हता. त्याच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"काका, राग मानू नोका," तो म्हणाला. "पानठेल्यावर लोकं आमाले थडग्यावाले म्हनून राह्यले. उद्या पोरीचं लग्न कराचं हाय. किती जनाले समजावू?"

"तुह्यं बरोबर हाय," पंजाबराव म्हणाला.

ओसरीत जिजाबाई खाटेवर बसली होती. ऐंशीची बाई, कान शाबूत, दात नाहीत. तिने कमलीबाईला जवळ बसवून घेतलं आणि पंजाबरावकडे नुसतं पाहिलं. सुप्रियाही आली होती, कॉलेज बुडवून. आपण टाकलेल्या एका फोटोचं हे काय होऊन बसलं म्हणून ती पोर दोन दिवस नीट जेवली नव्हती.

पंजाबरावने लुगड्याची गाठ सोडून पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. "वाच, बाई. काय लिवलं हाय ते पुरं वाच. मले आयकाचं हाय."

सुप्रियाने बापाकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगायला लागली. चित्र एका परदेशी शहराच्या स्मशानातलं होतं. कुण्या श्रीमंत घराण्याची कबर. उलट्या धरलेल्या मशाली म्हणजे विझलेलं आयुष्य. कापड पांघरलेला कलश म्हणजे राखेचा कलश. दारावरचं कडं म्हणजे मेलेल्याला वाहिलेली फुलं.

"राख," मुकेश म्हणाला. "आयकलं काका?"

पंजाबरावने मान हलवली. मग त्याने पानं उलटून दुसरं एक चित्र काढलं. "आन् हे काय हाय? हे मी कारंज्याच्या सोनाराले काढून देल्लं."

सुप्रियाने वाचलं. "हा घोड्यांचा तबेला आहे, आजोबा. राजाचा."

"आन् हे? मंगरूळपीरचे गुरुजी हायेत, त्यायचं घर."

"सार्वजनिक न्हाणीघर."

कमलीबाईने पदर तोंडाला लावला. पंजाबरावने आणखी दोन पानं उलटली. एक कचेरी निघाली आणि एक तुरुंगाचं फाटक. तुरुंगाचं फाटक मानोऱ्याच्या एका सावकाराला काढून दिलं होतं, तो माणूस अजून ठणठणीत होता आणि त्याला तीन नातू झाले होते. सुप्रिया सहावं पान उलटणार तोच पंजाबरावने पुस्तकावर हात ठेवला.

"बस कर, बाई," तो म्हणाला. "बाकीचे लोक सुखात हायेत. राहू दे त्यायले."

मग तो जिजाबाईपुढे जाऊन उभा राहिला. चाळीस वर्षं लोकांच्या घरी उभं राहताना त्याची मान कधी खाली गेली नव्हती. आता त्याला वर पाहवेना.

"माय, माह्यं चुकलं," तो म्हणाला. "मले वाचता आलं नाई. भगवंतरावायले माह्यामुळं..." खोकल्याची उबळ आली, आणि पुढचं न बोलायला त्याला त्या उबळीचाच आधार झाला.

जिजाबाईने त्याला खोकू दिलं. उबळ शमल्यावर पंजाबरावने बाहेर जाऊन शिडी लावली. गुडघे पायरीगणिक कुरकुरत होते, खाली कमलीबाईने शिडी धरली होती. डाव्या खांबाच्या केळफुलापाशी तो पोचला. आधी हे काढायचं, मग उजवं, मग कलश, मग तिकोन तुकड्यातुकड्याने, सगळ्यात शेवटी खांब. एसटीत त्याने मनाशी सगळा क्रम लावला होता. छन्नी पहिल्या पाकळीच्या मुळाशी टेकवली. थापीच्या टोकाने जिथे उचललं होतं ती जागा बोटाला लागली. त्याने हातोडा उचलला आणि तसाच धरून ठेवला. हात दुखायला लागला तरी तो खाली येईना. आपण एवढे थकलो आहोत हे पंजाबरावला त्या शिडीवर पहिल्यांदा खरं कळलं. घडवायला अंगात जेवढं बळ लागलं होतं त्याच्या दुप्पट आता पाडायला लागणार होतं, आणि ते कुठून आणायचं ते त्याला माहीत नव्हतं.

"पंजाब, उतर," ओसरीतून जिजाबाईचा आवाज आला.

"आई, तू मधात पडू नोको," मुकेश म्हणाला.

"काहून पडू नोको? बोट मी ठेवलं होतं. मिस्त्रीनं ठेवलं काय? तुह्या बापानं ठेवलं काय? पाडाचं असंन तं आंधी माह्यं बोट तोड." ती खाटेवरून उतरली, दाराची चौकट धरून पुढे आली आणि फरशीवरच बसली. "तुह्या बापाले ब्याऐंशी वर्सं झाली होती. जेवला, हात धुतला आन् पडला. असं मरन यावं म्हनून लोकं देवापुढं हात जोडतात. संत्र्याले डिंक्या रोग झाला, साऱ्या शिवारात झाला. डिंक्याले काय इंग्रजी वाचता येते? आन् तू पडला, कारन लोकायनं तुले मतं देल्ली नाईत."

मुकेशचा चेहरा उतरला. सुप्रिया खाली पाहत होती.

"लोकं बोलतात ते मले आयकू येते," जिजाबाई जरा खालच्या आवाजात म्हणाली. "तुले ऱ्हाचं हाय गावात, पोरीचं कराचं हाय, समजते मले. पन मी सकायी उठली का पयले हे पायतो. वीस वर्सं पायतो. ते केयफूल हाय. मशाल असती तं मले वीस वर्सांत एकडाव तरी मशाल दिसली असती. मी हाव तवरिक राहू दे. माह्या मांगं पाड."

आईपुढे मुकेशचं आजवर चाललं नव्हतं, आणि एवढ्या वयाच्या आईला नाही म्हणायची त्याची छातीही नव्हती. "बरं," तो शेवटी म्हणाला. "तू हायेस तवरिक. पन मंग एक दिवस थांबनार नाई मी, आताच सांगून ठेवतो. तेरवी झाली का जेसीबी."

"जेसीबी नाई," शिडीवरून पंजाबराव म्हणाला. तो एकेक पायरी उतरत होता आणि दर पायरीला दम खात होता. "जेसीबीनं ओसरी खाली येईन. तुमचं अर्धं घर जाईन. आतल्या सळया मलेच माईत हायेत."

"मंग तुमी येजा तवा."

"येईन."

हे सगळं ज्या सहजतेने बोललं गेलं ते कमलीबाईला ऐकवेना. दोन म्हाताऱ्या माणसांतलं कोण आधी जाणार याची जणू तारीखच ठरत होती, आणि दोघंही मान डोलावत होती. तिने पंजाबरावला हाताला धरून ओसरीच्या कडेला बसवलं. सुप्रियाने पाण्याचा तांब्या आणला. तिला बहुतेक रडू येत होतं, ती तांब्या ठेवून लगेच आत गेली.

पंजाबराव पाणी प्यायला. श्वास अजून शिट्टीसारखा वाजत होता. जिजाबाई फरशीवरून त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"पंजाब, तुह्यं वय काय?"

"सत्तर," तो सवयीने म्हणाला, आणि मग म्हणाला, "बासष्ट."

"माह्यं ऐंशी. खोकला कोनाले जास्त हाय?"

"मले."

"मंग तू माह्याआंधी जाशीन."

कमलीबाईने तोंड फिरवलं. पंजाबरावने नाही म्हटलं नाही. खोटं कशाला बोलायचं, आणि तेही या बाईपुढे. गेली दोन वर्षं त्या पायरीवर बसून तो तेवढ्याचीच तर वाट पाहत होता. कुणाजवळ बोलला नव्हता, पण रोज ऊन तोंडावर आलं की त्याच्या मनात येई की चला, अजून एक दिवस झाला.

"जाऊ नोको," जिजाबाई म्हणाली. "माह्या पोराचं घर पडंन. दवा घेत जाय. महिन्यातून एकडाव येऊन मले तोंड दाखवून जात जाय, म्हंजे मले समजंन हायेस का नाई."

पंजाबराव सुटका करून घ्यायला म्हणून आला होता. हातोडा टाकायचा, पुस्तक इथेच देऊन टाकायचं आणि रिकाम्या हाताने पायरीवर जाऊन बसायचं, असं त्याने ठरवलं होतं. आता मनात आलं तो राग होता की माया, ते त्याचं त्यालाच कळेना.

"मंग तुमी जरा लवकर जा, माय," तो म्हणाला. "मी लय थकलो."

मुकेश दचकून त्याच्याकडे वळला. कमलीबाईचा हात तोंडावर गेला. जिजाबाईने मात्र पंजाबरावच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दात नसलेलं तोंड उघडून ती हसली.

"पायतो," ती म्हणाली. "माह्या हातात असतं तं कवाच गेली असती. जेवून जाय आता."